नावाच्या रकान्यात

एका बुधवारी सकाळी, दुबईहून तीन-साडेतीन तासांवरच्या रुवैसला, माझा भाऊ सुहास ड्युटीवर असताना गेला. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. नऊ वाजता मला शाळेत फोन आला. दुपारी एक वाजता मी दुबईच्या जुन्या भागात, देऱ्यात, तांडेलकाकांसमोर बसले होते.

तोपर्यंत मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. सुहासच्या सहकाऱ्याने नंबर दिला होता. लाकडी गलबतं लागतात त्या धक्क्याजवळ, दोरखंड आणि रंग विकणाऱ्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, खिडकीत घरघरणारा एसी. मी कागदांची पिशवी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

“ताई, आधी चहा घ्या. आणि मला सांगा, घरी काय म्हणायचे त्याला?”

“सुहास.”

“ते पासपोर्टवर आहे. घरी?”

“सुशा. आई म्हणायची.”

त्यांनी खिशातल्या लहान डायरीत तेवढं लिहून घेतलं. मग कागदांचं सुरू झालं. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, कॉन्सुलेटचं पत्र, पोलिसांचं पत्र, देह टिकवण्यासाठीचं एम्बामिंग, विमानाचं बुकिंग. ते मला फक्त सही कुठे करायची ते दाखवत. चौथ्या दिवशी विमानतळावरच्या कार्गोच्या शेडमध्ये पेटी बंद झाली, तिच्यावर चिठ्ठ्या चिकटल्या आणि मला वाटलं, झालं. तेव्हा तांडेलकाका पेटीच्या उशाकडच्या बाजूला गेले, जरा वाकले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “सुशा, साडेपाचचं विमान आहे. मुंबईला बाबा आणि मामा घ्यायला येतायत. चष्मा तुझ्या उशाशी ठेवलाय. मध्ये कुठे उतरायचं नाही, तेव्हा काळजी करू नकोस.”

मी ग्रंथपाल आहे. मरणाविषयी पुष्कळ वाचलेलं होतं. मेलेल्या माणसाला विमानाची वेळ सांगायची असते, हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

मधुकर तांडेल मूळचे रेवदंड्याचे. बुटके, रुंद खांद्यांचे, केसांना काळाकुळकुळीत कलप. तो कलप मिशीपर्यंत पोचत नसे, त्यामुळे चेहऱ्याचे दोन भाग वेगवेगळ्या वयांचे दिसत. दुबईत ते एकतीस वर्षं राहिले आणि त्यातली बावीस त्यांनी एकच काम केलं. इथे मरण पावलेल्या माणसांना त्यांच्या घरी पोचवलं. मराठी, मल्याळी, नेपाळी, बांगलादेशी, कुणीही. देऱ्याच्या मासळीबाजारातल्या प्रत्येक माशाला ते नावं ठेवत. “हा पापलेट आहे? ह्याला पापलेट म्हणणं म्हणजे पापलेटची बदनामी.” आणि तरी दर शुक्रवारी तोच मासा घेऊन येत. लवकर चिडत. फोनवर ओरडत. कौतुक म्हणून त्यांनी माझ्या एका पत्राला “बरंय, चालेल” एवढंच म्हटलं होतं आणि त्यांच्या ऑफिसातल्यांनी सांगितलं, की हे जरा जास्तच झालं.

‘बॉडी’ हा शब्द त्यांना खपत नसे. सगळं कार्गो टर्मिनल तो शब्द वापरतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. एकदा काउंटरवरच्या नव्या क्लार्कने विचारलं, “तांडेलभाई, आज कितना बॉडी?”

“बॉडी जिम में होता है, हबीबी. इधर आदमी है. दो आदमी.”

क्लार्क हसला. काका हसले नाहीत. ते मला मराठीत म्हणाले, “विमानाला वजन लागतं ताई, ते मी देतो. पण मला नाव लागतं.”

सुहास गेल्यानंतर काही महिन्यांनी मी शनिवारी त्यांच्याकडे जायला लागले. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या घरून देऱ्याला यायला तासभर लागे. घरी नवरा म्हणाला, “सुट्टीच्या दिवशी तिथे कशाला?” मुलगी म्हणाली, “मॉम, इट्स सो डिप्रेसिंग.” मला तसं वाटत नव्हतं, पण समजावून सांगता येत नव्हतं. काकांना घरच्यांसाठी पत्रं लिहून हवी असत, पेटीबरोबर जाणारी. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. ते सांगत, मी लिहीत असे.

“लिहा, शर्ट इस्त्रीचा होता.”

“काका, हे कशाला?”

“लिहा. आईला ते लागतं.”

एकदा बीडकडचा एक सुतार गेला. पासपोर्टवर रामेश्वर. घरचं नाव काय, ते कुणाला माहीत नव्हतं. घरी फक्त म्हातारी आई, आणि तिला अजून सांगितलेलं नव्हतं. मग काका मला घेऊन कामगारांच्या कॅम्पवर गेले. एका खोलीत दहा जण दाटीवाटीने बसले होते. काकांनी विचारलं, “त्याला गावात काय म्हणायचे रे?” सगळे एकमेकांना विचारू लागले. शेवटी कोपऱ्यातला एकजण खाली बघत म्हणाला, “पिंट्या म्हणायचे, साहेब.” खोलीत हसू फुटलं. सहा फुटांचा, पिळदार मिशांचा रामेश्वर, आणि पिंट्या! “लेका, इतकी वर्षं लपवलंस?” असं कुणीतरी त्याच्या रिकाम्या कॉटकडे बघून म्हणालं, आणि मग ती सगळी खोली रडायला लागली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काकांनी त्याला सांगितलं, “पिंट्या, तुझी गाडी लागलीय. झोप निवांत. पोरांनी तुझी हत्यारं पाठवलीयत, करवतीला धार लावून.”

बावीस वर्षांत एकही माणूस त्यांनी नावाशिवाय पाठवला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. म्हणून त्या धुक्याच्या शनिवारी जे झालं, ते मला नीट लिहून ठेवायचं आहे.

जानेवारीतली सकाळ होती. धुक्यामुळे विमानं उशिरा उतरत होती आणि पुढची चुकत होती. नऊच्या सुमारास काकांचा फोन आला. “ताई, लगेच या. माझं इंग्लिश कार्गोचं आहे. आज पुस्तकातलं लागणार.”

कार्गो ऑफिसच्या बाकावर एक वयस्क बाई बसली होती. सावळी, लहानशी, पांढरे कुरळे केस, डोक्यावर लोकरीची टोपी. शेजारी तिचा उंच भाचा, दोन बॅगा सांभाळत उभा. ती ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांपैकी होती. युरोपातल्या एका संग्रहालयातून ती चार पेट्या घेऊन घरी चालली होती. पेट्यांत तिच्या पूर्वजांची हाडं होती. पुढचं विमान चुकलं होतं. एअरलाइनने हॉटेल दिलं होतं, पण ती जायला तयार नव्हती. “ते शंभर वर्षांहून जास्त एकटे होते,” ती म्हणाली. “मी आता झोपायला जाऊ?”

तिचा भाचा तिला आन्टी म्हणत होता. त्यांच्यात मोठ्या माणसांना तसंच म्हणतात. काकांनी तिथल्या तिथे तिची मावशी करून टाकली. ती त्यांच्यापेक्षा फार मोठी नसावी.

“मावशी, नो टेन्शन. धिस इज माय काम.”

पण टेन्शन होतं. पेट्या पाठवताना तिकडच्या एजन्सीने कागदावर ‘संग्रहालयातील नमुने’ असं लिहिलं होतं. ठरलेलं पुढचं विमान मिळालं असतं तर पेट्या थेट त्यात गेल्या असत्या आणि ते कुणी वाचलंही नसतं. आता पेट्या इथे उतरवून ठेवल्या होत्या, दुसऱ्या विमानासाठी नव्याने नोंद करायची होती, आणि नमुने म्हटले की तपासणी आली. तपासणी अधिकारी अबू राशिद काकांचे जुने ओळखीचे. त्यांचं हिंदी काकांच्या हिंदीपेक्षा चांगलं होतं.

“तांडेल, पेपर में स्पेसिमेन लिखा है. स्पेसिमेन है तो खोलना पड़ेगा. मेरा रूल नहीं है, सब का रूल है.”

“खोलना नहीं हबीबी. ये आदमी लोग हैं.”

“आदमी है तो आदमी का पेपर लाओ.”

मी मावशीला समजावलं. तिने माझा हात धरला. तिने सांगितलं, की तिच्या आजीच्या आजीच्या काळात एका डॉक्टराने त्यांच्या कबरी उकरल्या, कुणाला न विचारता, आणि हाडं बोटीने पाठवून दिली. मग ती एका तळघरात लाकडी कप्प्यांत राहिली. “त्यांना कितीतरी लोकांनी उघडून पाहिलंय. मोजलंय. हाडांवर शाईने नंबर लिहिलेत. आता पुन्हा कुणी उघडायचं नाही. मी घरी सगळ्यांना तसा शब्द देऊन आले आहे.”

“हाडांवर?” काकांनी मला विचारलं. “कागदावर नाही, हाडांवर?”

मी मान हलवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते इतक्या मोठ्याने “यल्ला, चला!” म्हणाले, की काउंटरवरचे दोघे उठून उभे राहिले.

दुपारी तीनच्या विमानात जागा होती. एक वाजेपर्यंत कागद बदलायला हवे होते. काकांनी मृतांसाठीचे चार कोरे फॉर्म काढले, मावशीसाठी पास बनवून घेतला आणि आम्हाला आत नेलं. पेट्या एका बाजूच्या खोलीत ठेवल्या होत्या. माझ्या कल्पनेपेक्षा लहान. एका मोठ्या माणसाला एवढीच जागा पुरते, हे मला त्या दिवशी समजलं.

काका पहिल्या पेटीपाशी वाकले. हातात पेन, फॉर्मच्या पहिल्या रकान्यावर टेकलेलं. नेहमीसारखे ते आधी पेटीकडे आणि मग मावशीकडे बघत म्हणाले, “व्हॉट इज गुड नेम?”

मावशीने तळहात वर केला. “नो!”

तो आवाज त्या लहान खोलीत फार मोठा वाटला. काका सरळ उभे राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मावशी मग हळू बोलली. नावं माहीत नाहीत. ती उकरणाऱ्याने लिहूनच ठेवली नाहीत. आणि माहीत असती तरी घेतली नसती. “आमच्याकडे गेलेल्याचं नाव घेत नाहीत. हाक मारली तर तो वळून बघतो. त्याला पुढे जायचं असतं.”

मी ते मराठीत सांगितलं. काकांनी पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाले, “म्हणजे मी बावीस वर्षं सगळ्यांना मागे वळायला लावतोय?”

त्यांचा तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. मावशीने विचारलं, हे काय म्हणाले? मी सांगितलं. ती थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या लोकांना हाक आवडते का?”

“व्हेरी मच,” काका म्हणाले. “माझी आई तर पितरांना पानावर वाढते. नाव घेऊन बोलावते. कावळा नाही आला तर शिव्या घालते.” हे सगळं मराठीत. मी जमेल तसं भाषांतर केलं, शिव्यांसकट. मावशी हसली. त्या सकाळी पहिल्यांदा.

“मग तुम्ही तुमच्यांना हाक मारा,” ती म्हणाली. “आमच्यांना नको.”

पण रकाना तसाच होता. भाच्याने सुचवलं, ‘अननोन’ लिहा, चालेल. क्लार्कही तेच म्हणाला. काका ऐकेनात. “अननोन मी लिहिणार नाही. अननोन म्हणजे ज्याचं कुणी नाही. इथे तर सख्खं माणूस घ्यायला आलंय.” त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. घड्याळात बारा वाजून गेले होते. मी त्यांना कधी हतबल पाहिलं नव्हतं. एवढा एक रकाना त्यांना भरता येत नव्हता.

मावशीने फॉर्म आपल्याकडे ओढला आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग तिने एका जागेचं नाव सांगितलं. गाव नव्हे, त्यांच्या भाषेत एका नदीच्या वळणापासून टेकडीपर्यंतच्या जमिनीचं नाव. “हे चौघं त्या जमिनीचे आहेत. जमिनीचं नाव घेतलं तर त्यांना बरं वाटेल.”

काकांनी अक्षरं एकेक करून विचारून घेतली. चारही फॉर्मवर लिहिलं. ज्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, त्या माणसाने ते नाव चारदा इतकं रेखीव लिहिलं, की मी बघत राहिले. ते नाव मी इथे देत नाही. मावशीची तशी इच्छा होती.

मी सोबतचं पत्र लिहिलं. फार चांगलं इंग्रजी नव्हतं ते, पण खरं होतं. हे नमुने नाहीत, ही माणसं आहेत, नातेवाईक सोबत आहेत, दफनाची तयारी झाली आहे, संग्रहालयाच्या स्वतःच्या यादीतही ही मानवी हाडं असल्याचं म्हटलं आहे. अबू राशिदनी पत्र दोनदा वाचलं.

“कितना साल हुआ मरे हुए?”

“सौ से ऊपर,” काका म्हणाले.

“सौ साल! और दफ़न नहीं?” त्यांनी पत्र खाली ठेवलं. मेलेल्याला लवकर मातीत ठेवणं हाच त्याचा मान, असं त्यांच्यात मानतात. ते आत जाऊन वरिष्ठांना फोन करू लागले. काचेपलीकडून वीस मिनिटं अरबी ऐकू येत होतं. मला त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा कळत होता. बशर. बशर म्हणजे माणसं.

बाहेर येऊन ते म्हणाले, “खलास. खोलेगा नहीं.”

मावशीने डोळे मिटले. मग पिशवीतून रुमालात बांधलेली वाळलेली पानं काढली. तिकडच्या झाडाची, करड्या रंगाची. प्रवासाला निघताना त्यांचा धूर द्यायचा असतो. शेडमध्ये आग लावता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. युरोपात दिला होता, इथे मुक्काम पडला म्हणून पुन्हा द्यायला हवा होता. ती फक्त विचारून बघत होती. काका “नो फायर, मावशी, अलार्म” असं म्हणेपर्यंत अबू राशिद आत गेले आणि आपल्या ऑफिसातलं बखूरचं धुपाटणं घेऊन आले. निखारा फुललेला होता. त्यावरचा ऊद त्यांनी चिमट्याने काढला, राख झटकली आणि धुपाटणं शेडबाहेर, माल चढवायच्या धक्क्यावर उघड्या जागेत, जमिनीवर मावशीपुढे ठेवलं.

चारही पेट्या तिथे आणल्या गेल्या. धुकं विरळ झालं होतं. मावशीने निखाऱ्यावर पानं ठेवली. धुराला तिखट, औषधी वास होता आणि त्यात थोडा उदाचाही राहून गेला होता. ती काहीतरी गुणगुणत पेट्यांभोवती फिरली. कुणी फोन काढला नाही. फोर्कलिफ्टवाल्याने इंजिन बंद केलं. इतक्या विमानांच्या जागी एवढी शांतता असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. मी हात जोडले होते. कधी जोडले ते आठवत नाही.

काका मागे उभे होते. त्यांनी मला हळूच सांगितलं, “ताई, विचारा. नाव न घेता बोललं तर चालेल का?”

मी विचारलं. मावशी भाच्याशी काही बोलली. मग म्हणाली, “ते घरी चाललेत, एवढं सांगू दे.”

काका पुढे गेले. वाकले नाहीत, हात मागे बांधून, वडीलधाऱ्यांसमोर उभं राहावं तसे उभे राहिले. “मंडळी,” ते मराठीत म्हणाले, “तीनचं विमान आहे. मावशी तुमच्याबरोबर आहे. पेटी कुणी उघडणार नाही. पुढे घरच.” आणि मग त्या जमिनीचं नाव. ते त्यांनी घाबरत घाबरत उच्चारलं. मावशीने दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा उच्चारलं. तिने मान डोलावली.

विमान सुटल्यावर आम्ही दोघं धक्क्याच्या कडेवर बसलो. काकांनी डबाही उघडला नाही.

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. संग्रहालयात लोक काय बघायला जातात?”

मी स्वतः किती संग्रहालयं पाहिली आहेत, काचेमागे वाकून किती वेळ उभी राहिले आहे, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

त्यांनी त्यांची लहान डायरी काढली. “मावशी जाताना काय म्हणाली, ऐकलंत ना? तळघरात अजून आहेत. चला, पत्र लिहू.”

ते पत्र आम्ही त्याच दुपारी ऑफिसात बसून लिहिलं. आपण कोण, आपलं काम काय, पुढच्या वेळी कागदावर काय लिहावं, आणि दुबईमार्गे पाठवल्यास आपण कुणाकडून काही घेणार नाही. खाली पूर्ण नाव, मधुकर जनार्दन तांडेल. तीन आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं. विषय विचाराधीन आहे. काका म्हणाले, “विचाराधीन. बरंय. परत लिहा.” दर महिन्याला आम्ही एक पत्र लिहीत राहिलो. त्याच सुमारास मावशीचा निरोप आला. दफन झालं होतं. फोटो नव्हता. खूप लोक आले होते आणि सकाळपासून बायका गात होत्या, एवढंच होतं.

साठी उलटल्यावर काकांचा व्हिसा संपला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. ट्रॉलीवर दोन मोठी खोकी, केसांना ताजा कलप. चेक-इनच्या मुलीने त्यांना विचारलं, “सर, सामान में क्या है?” तर तिला मासळीबाजाराची निंदा ऐकवत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “इन्शाल्ला, पत्र पाठवत राहा. सहीला माझंच नाव घाला, चालेल.” आणि आत गेले. गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याला ते वारले. त्यांच्या मुलीने कळवलं.

मी अजून दर महिन्याला लिहिते. ते गेल्यापासून सही माझी असते. उत्तर तेच येतं, विचाराधीन. चौघं घरी पोचले. बाकीचे त्या तळघरात, कप्प्यांत आहेत.